शांत डॉल्फिनांचा अर्थ : शार्क बे येथील एक प्रकरण

प्रसंग

समुद्राचे एकमेकांना लागून असलेले दोन पट्टे आहेत आणि दोन्हींत एकाच जातीचे डॉल्फिन राहतात. एका पट्ट्यात डॉल्फिन दाखवणाऱ्या पर्यटक-बोटींची नित्य ये-जा असते. दुसऱ्यात बोटींची वर्दळ फारच कमी असते. संशोधक दोन्ही ठिकाणी मुद्दाम एक बोट डॉल्फिनांजवळ नेतात आणि बोट येण्यापूर्वी, ती जवळ असताना व ती दूर गेल्यानंतर कळप काय करतो, हे ठरावीक पद्धतीने टिपून ठेवतात. बोट जवळ आली की डॉल्फिन एकमेकांना अधिक चिकटून पोहू लागतात, कळपात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते, पोहण्याचा वेग आणि दिशा यांत सातत्य राहत नाही. हे दोन्ही पट्ट्यांत घडते. परंतु जिथे बोटी कमी, तिथली प्रतिक्रिया अधिक तीव्र असते आणि अधिक वेळ टिकते. बोटींच्या वर्दळीत राहणारे डॉल्फिन त्या मानाने थोडेच विचलित होतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे या उपसागरात लार्स बायडर, एमी सॅम्युअल्स, हॅल व्हाइटहेड आणि निक गेल्स यांनी हा प्रयोग केला आणि २००६ साली ‘ॲनिमल बिहेवियर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. प्रयोगाची मांडणी साधी होती, नोंदी स्पष्ट होत्या आणि त्यांतून निघणारा अर्थही जवळजवळ आपोआप सुचणारा होता : वर्दळीतले डॉल्फिन बोटींना सरावले आहेत, तेव्हा बोटींचा त्यांना फारसा त्रास नाही. हा अर्थ चुकीचा ठरला. तो का चुकला आणि चूक कशामुळे उघडकीस आली, हे समजून घेण्यासाठी या प्रकरणाकडे थोडे मागे जाऊन पाहावे लागते.

स्थळ आणि पूर्वपीठिका

शार्क बे हा ऑस्ट्रेलिया खंडाच्या पश्चिम टोकाला असलेला उथळ आणि विस्तीर्ण उपसागर आहे. सागरी गवताची अफाट कुरणे हे त्याचे वैशिष्ट्य असून १९९१ साली त्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला. या उपसागरातील मंकी मिया नावाच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकापासून काही डॉल्फिन माणसांकडून मासे घेण्यासाठी अगदी गुडघाभर पाण्यापर्यंत येऊ लागले होते. जंगली डॉल्फिन इतक्या जवळून आणि इतक्या नियमितपणे दिसण्याची ही संधी दुर्मिळ होती. रिचर्ड कॉनर आणि रेचल स्मोल्कर हे संशोधक १९८२ साली तिथे पोहोचले ते त्यामुळेच. पुढे जॅनेट मॅन यांनी माता आणि पिल्ले यांच्या दीर्घ अभ्यासाला सुरुवात केली, इतर अनेक जण येत गेले आणि किनाऱ्यावर मासे खायला येणाऱ्या मूठभर डॉल्फिनांच्या पलीकडे, उपसागरात स्वतंत्रपणे जगणाऱ्या शेकडो डॉल्फिनांची ओळख पटवून त्यांच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. किनाऱ्यावर मासे भरवण्याचा प्रश्न हा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत प्रकरण खुल्या पाण्यात बोटीतून डॉल्फिन पाहण्यापुरते मर्यादित आहे.

या नोंदींचे मोल त्यांच्या वयात आहे. मादी साधारण बारा महिने गर्भ वागवते, एकाच पिल्लाला जन्म देते आणि ते पिल्लू कित्येकदा तीन-चार वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ, आईचे दूध पिते. इतक्या संथ गतीने चालणाऱ्या आयुष्यात एका हंगामाची क्षेत्रमोहीम म्हणजे एका लांबलचक कथेचे मधलेच एक पान होय. मोहिमेवर जाणाऱ्याला ते पान अतिशय तपशिलाने वाचता येते, आणि धोकाही नेमका त्या तपशिलामुळेच निर्माण होतो, कारण भरपूर तपशील हाती असला की मागचीपुढची पाने आपल्याकडे नाहीत याचा विसर पडतो.

निरीक्षणाची रीत

डॉल्फिनांच्या अभ्यासात पहिला प्रश्न ‘कोण’ हा असतो. पाठीवरच्या पराची मागची कड पातळ असते. ती आयुष्यभरात फाटत, झिजत, खाचत जाते आणि त्या खाचांची रचना प्रत्येक डॉल्फिनाची वेगळी असते. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर बेर्न्ड आणि मेलनी वुर्सिग यांनी छायाचित्रांतील या खाचांवरून डॉल्फिन ओळखता येतात आणि कळपाची रचना अभ्यासता येते, हे १९७७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले. शार्क बे येथील सगळे काम याच पद्धतीवर उभे आहे. पर स्पष्ट दिसेल असे, शरीराला काटकोनात घेतलेले छायाचित्र मिळवण्यासाठी बोट कळपाला समांतर ठेवावी लागते आणि ही एक गोष्ट साधण्यातच नवख्या निरीक्षकाचा बराचसा दिवस जातो.

दुसरा प्रश्न ‘गट कोणता’ हा. डॉल्फिनांचे कळप मेंढरांच्या कळपासारखे स्थिर नसतात. ते तासाभरात फुटतात, पुन्हा जुळतात, त्यांतले सदस्य बदलतात. म्हणून शार्क बे येथे एक व्यवहार्य नियम वापरला जातो : कळपातील कोणत्याही डॉल्फिनापासून दहा मीटरच्या आत असलेला डॉल्फिन त्या कळपात धरायचा आणि ही साखळी जिथे तुटेल तिथे कळप संपला असे मानायचे. नियम काहीसा यांत्रिक आहे, पण त्यामुळे दोन वेगवेगळ्या निरीक्षकांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहता येतात.

तिसरा प्रश्न ‘काय आणि कधी’ हा असून इथे सर्वांत जास्त चुका होतात. जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली प्राणिवर्तनाच्या निरीक्षणपद्धतींचा जो चिकित्सक आढावा घेतला, त्यात लक्षात येईल ते लिहून ठेवण्याच्या सवयीतला दोष स्पष्ट केला होता. डॉल्फिनाने घेतलेली उडी वहीत हमखास जाते. त्याने हळूच बदललेली दिशा जात नाही. त्यामुळे ठरावीक अंतराने संपूर्ण कळपाची स्थिती टिपणे किंवा एकाच प्राण्याचा ठरावीक काळ पाठपुरावा करणे, अशी शिस्त पाळावी लागते. बोटीच्या परिणामांचा अभ्यास करताना तर या शिस्तीला पर्यायच नाही, कारण बोटीमुळे होणारे बदल नाट्यमय नसतात. कळप आवळून पोहू लागला, हे काठावरून पाहणाऱ्याला फार तर सुंदर दृश्य वाटेल. छायाचित्रही चांगले येते. नोंदवहीत मात्र तीच गोष्ट डॉल्फिनांमधील अंतर घटल्याची नोंद म्हणून यायला हवी.

प्रस्तुत प्रयोगात नेमक्या याच प्रकारच्या मोजता येण्याजोग्या गोष्टी टिपल्या होत्या. प्रयोगाच्या अचूकतेविषयी मुळीच वाद नाही आणि म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखे आहे. निरीक्षण निर्दोष असूनही निष्कर्ष उलटा निघू शकतो, हे इथे फार स्पष्टपणे दिसते.

सुचणारा अर्थ आणि त्यातली गफलत

वर्दळीतले डॉल्फिन कमी विचलित होतात, यावरून ते बोटींना सरावले असे म्हणताना आपण नकळत एक काळाची मिती गृहीत धरतो. सरावणे ही एका जिवाच्या आयुष्यात घडणारी प्रक्रिया आहे. तोच प्राणी, तोच उद्दीपक, अनेकदा आलेला अनुभव आणि त्यातून हळूहळू कमी होत गेलेली प्रतिक्रिया, एवढे सगळे असेल तरच सरावला हा शब्द वापरता येतो. इथे प्रत्यक्षात मोजले काय गेले होते? एकाच काळात दोन निरनिराळ्या ठिकाणच्या दोन निरनिराळ्या समूहांची प्रतिक्रिया. दोन समूहांतील हा फरक कसा निर्माण झाला, याविषयी अशी एकवेळची तुलना काहीही सांगू शकत नाही. बायडर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ‘मरीन इकॉलॉजी प्रोग्रेस सिरीज’ या नियतकालिकात हा मुद्दा सविस्तर मांडला. सरावणे, अधिक संवेदनशील होणे आणि निव्वळ सहन करणे या संज्ञा वन्यजीवांच्या अभ्यासात किती सैलपणे वापरल्या जातात, हे त्यांनी दाखवून दिले. एखादा प्राणी त्रास सहन करतो आहे, ही त्या क्षणाची स्थिती झाली. तो सरावला आहे, हा त्याच्या पूर्वायुष्याविषयीचा दावा झाला.

हा शब्दच्छल नाही. ‘सरावले’ या एका शब्दावर बोटींचे परवाने वाढवता येतात.

साडेतेरा वर्षांची मोजणी

शार्क बे येथे मागची पाने उपलब्ध होती. बायडर यांच्यासह मॅन, कॉनर, मायकेल हाइटहाउस, मिखाएल क्रुट्झेन आदी संशोधकांनी आपापल्या जुन्या नोंदी एकत्र आणल्या आणि त्यांवर आधारलेला अभ्यास ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात २००६ सालीच प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येकी ३६ चौरस किलोमीटरचे दोन शेजारचे पट्टे घेतले होते : एक पर्यटनाचा आणि दुसरा तुलनेसाठी. काळाचे साडेचार-साडेचार वर्षांचे सलग तीन टप्पे पाडले होते. पहिल्या टप्प्यात पर्यटक-बोटी नव्हत्या, दुसऱ्यात एक व्यावसायिक होता आणि तिसऱ्यात दोन. या संपूर्ण काळात संशोधकांच्या बोटींचा वावर जवळपास सारखाच राहिला होता.

निष्कर्ष असा निघाला की पर्यटन नसतानाचा टप्पा आणि एका व्यावसायिकाचा टप्पा यांत डॉल्फिनांच्या संख्येत फरक दिसत नव्हता. दुसरा व्यावसायिक आल्यानंतर मात्र पर्यटन पट्ट्यातील डॉल्फिनांची संख्या सरासरी १४.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे साधारण सातांमागे एक डॉल्फिन कमी झाला. या अंदाजाची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता धरली जाते ती कक्षा, उणे २०.८ ते उणे ८.२३ अशी होती; मर्यादेची दोन्ही टोके शून्याच्या खाली असल्यामुळे घट झालीच नसावी असे म्हणायला जागा उरत नाही. त्याच काळात तुलनेच्या पट्ट्यात संख्या सरासरी ८.५ टक्क्यांनी वाढलेली दिसली, परंतु तिथली मर्यादा उणे ४.० ते अधिक १६.७ अशी, शून्याला पोटात घेणारी होती आणि म्हणून ती वाढ सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय मानता येत नाही.

या शेवटच्या आकड्याचा मोह टाळणे आवश्यक आहे. एका पट्ट्यातले डॉल्फिन उठून शेजारच्या पट्ट्यात गेले, अशी सुबक गोष्ट त्यातून सहज रचता येते. आकडे मात्र तिला आधार देत नाहीत. अभ्यासात मोजली गेली ती त्या ठिकाणी आढळणाऱ्या डॉल्फिनांची संख्या; तुलनेच्या पट्ट्याचे काम केवळ एवढे सिद्ध करण्याचे होते की संपूर्ण उपसागरावर एखादी आपत्ती येऊन सगळीकडचेच डॉल्फिन कमी झालेले नाहीत. ते काम त्याने चोख केले.

संशोधकांच्या बोटींमुळे ही घट झाली असेल का, ही शंकाही रास्तच होती आणि अभ्यासकांनी ती स्वतःच उपस्थित केली. त्यांच्या बोटींचा वावर तिन्ही टप्प्यांत सारखा असताना घट फक्त तिसऱ्या टप्प्यात झाली. शिवाय पर्यटक-बोटी डॉल्फिनांच्या सान्निध्यात कितीतरी अधिक वेळ राहत आणि अधिक जवळही जात. त्यामुळे घटीचे कारण पर्यटक-बोटींमध्ये असण्याची शक्यता अधिक, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भाषा जपून वापरलेली आहे आणि ती तशीच असायला हवी होती, कारण निसर्गातल्या अशा घटनेत प्रयोगशाळेसारखी निर्विवाद सिद्धता मिळत नाही.

पुनर्वाचन

आता आधीचा प्रयोग या मोजणीच्या उजेडात पुन्हा वाचला, तर चित्र पालटते. बोट जवळ नेण्याचा प्रयोग झाला तोपर्यंत पर्यटन पट्ट्यातील संख्येत घट होऊन गेलेली होती. बोटींचा त्रास ज्यांना सर्वाधिक होत होता, ते डॉल्फिन प्रयोग सुरू होण्यापूर्वीच तिथून निघून गेले असावेत. मागे राहिले ते मुळातच कमी विचलित होणारे. प्रयोगाने मोजला तो या उरलेल्यांचा स्वभाव. समूहाची सरासरी प्रतिक्रिया सौम्य झाली होती, पण त्यासाठी एकाही डॉल्फिनाने बोटींची सवय करून घेतलेली असण्याची गरज नव्हती. निरीक्षकाच्या वहीत जी शांतता उमटली होती, ती अनुपस्थितांमुळे निर्माण झालेली शांतता होती आणि अनुपस्थितांसाठी कोणत्याही नोंदपत्रकात रकाना नसतो.

या पुनर्वाचनाला इतर प्राण्यांच्या अभ्यासातूनही बळ मिळते. जेनिफर गिल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली असा युक्तिवाद केला होता की माणसाला पाहून प्राणी पळतो की थांबतो, यावरून त्या जातीला पोहोचणाऱ्या हानीचे माप काढता येत नाही. ज्याला जाण्यासारखी दुसरी जागा आहे तो लवकर उठतो आणि ज्याला नाही तो बसून राहतो. कॉलिन बील आणि पॅट मोनॅहन यांनी २००४ साली टर्नस्टोन या किनारी पक्ष्यांवर हे तपासून पाहिले. ज्या पक्ष्यांना जादा खाद्य दिले होते, ते माणूस बराच दूर असतानाच उडून गेले. ज्यांना दिले नव्हते, ते माणूस अधिक जवळ येईपर्यंत थांबले. म्हणजे सर्वांत धीट दिसणारा पक्षी हा प्रत्यक्षात सर्वांत गरजू असू शकतो.

डॉल्फिनांच्या बाबतीत जागा सोडण्याची किंमत शार्क बे येथे विशेष मोठी आहे. उपसागराच्या नावातच असलेले शार्क तिथे खरोखरच विपुल आहेत. हाइटहाउस यांच्या पाहणीत पिल्ले वगळता सुमारे ७४ टक्के डॉल्फिनांच्या अंगावर शार्कच्या चाव्याचे व्रण आढळले होते, आणि टायगर शार्क मोठ्या संख्येने असतात त्या काळात डॉल्फिन माशांनी समृद्ध असलेली उथळ कुरणेदेखील टाळतात, असे त्यांनी लॉरेन्स डिल यांच्यासोबत दाखवले होते. शिवाय इथल्या डॉल्फिनांचे अन्न मिळवण्याचे ज्ञान जागेशी बांधलेले असते. काही माद्या खोल पाण्याच्या वाहत्या मार्गांत चोचीवर समुद्री स्पंज धरून तळ उकरतात आणि लपलेले मासे बाहेर काढतात. १९८४ साली प्रथम नोंदले गेलेले हे कौशल्य मुख्यतः आईकडून मुलीकडे जाते. असे कौशल्य असलेल्या मादीला दहा-बारा किलोमीटर पलीकडचा सपाट, उथळ तळ काय उपयोगाचा? तेव्हा बोट आल्यावर जागेवरून न हलणाऱ्या प्रत्येक डॉल्फिनाला बोटीचे काहीच वाटत नाही, असे समजणे मला धाडसाचे वाटते. उरलेल्यांमध्ये खरोखर बेफिकीर असलेले जसे असतील, तसेच पर्याय नसल्यामुळे थांबलेलेही असतील. बोटीवरून पाहताना दोघेही सारखेच दिसतात.

क्षेत्रमोहिमेवरील नोंदीसाठी याचा अर्थ

अल्पकालीन मोहिमा निरर्थक आहेत, असा अर्थ या प्रकरणातून काढू नये. बोट जवळ गेल्यावर वर्तन बदलते, हे त्याच प्रयोगाने ठामपणे दाखवले आणि तो निष्कर्ष अजूनही अबाधित आहे. चूक होण्याचा धोका होता तो ‘बदल कमी, म्हणजे परिणाम कमी’ या पुढच्या पायरीवर.

त्यामुळे नोंदवहीत ‘प्रतिक्रिया नाही’ असे दोन शब्द लिहिण्यापेक्षा काय पाहिले ते लिहिणे श्रेयस्कर : डॉल्फिनांमधील अंतर किती होते, दिशा किती वेळा बदलली, दोन श्वासांमधील काळ किती होता, इंजिन चालू होते की बंद, परिसरात आणखी किती बोटी होत्या. कळपात पिल्लांसह माद्या होत्या का, हेही लिहायला हवे, कारण पिल्लू सोबत असलेल्या मादीचे थांबणे आणि एकट्या नराचे थांबणे यांचा अर्थ एक नसतो. आणि सर्वांत आधी परांची छायाचित्रे. कोण होते याची नोंद असेल, तरच पाच किंवा दहा वर्षांनी येणाऱ्या दुसऱ्या निरीक्षकाला कोण नाही हे कळू शकेल. शार्क बे येथील घट सापडली ती अशा कंटाळवाण्या नोंदींमुळेच, आणि त्यांपैकी बहुतेक नोंदी करणाऱ्यांच्या मनात तेव्हा पर्यटनाचा प्रश्नही नव्हता.

निर्णय

घट सिद्ध झाल्यावर काय करायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. शार्क बे येथील डॉल्फिनांची एकूण संख्या मोठी आणि आनुवंशिक वैविध्य भरपूर असल्यामुळे या घटीने त्या समूहाचे अस्तित्व धोक्यात येणार नव्हते, हे अभ्यासकांनी स्वतःच नमूद केले होते. धोका होता तो मुख्यतः स्थानिक डॉल्फिन-पर्यटनालाच, कारण ज्यांना दाखवायचे तेच कमी होत चालले होते. परंतु त्यांनी असेही बजावले होते की एखाद्या लहान, बंदिस्त किंवा संकटग्रस्त समूहात एवढीच घट विनाशकारी ठरेल. न्यूझीलंडच्या फियोर्डलँडमधील डाउटफुल साउंड येथे बॉटलनोज डॉल्फिनांचा जेमतेम काही डझनांचा समूह राहतो. तिथे सातांमागे एक गेला, तर त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. आणि शार्क बे येथील पर्यटन तर अवघ्या दोन व्यावसायिकांचे, म्हणजे इतर ठिकाणांच्या मानाने किरकोळच होते.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पर्यावरण मंत्र्यांनी २००६ साली डॉल्फिन-पर्यटनाचे परवाने दोनवरून एकवर आणले. परवाने वाढवण्याचे निर्णय सर्वत्र होतात. वर्तनशास्त्रीय पुराव्याच्या आधारे दिलेला परवाना कमी करण्याचे उदाहरण फारच विरळा. त्या निर्णयात आणखी एक तरतूद होती. पर्यटन पट्ट्यात संशोधकांच्या बोटींचा वावरही यापुढे वाढू द्यायचा नाही, असे ठरवण्यात आले. ज्यांच्या वह्यांमुळे ही घट उघडकीस आली, त्यांच्या बोटीही डॉल्फिनांच्या दृष्टीने बोटीच होत्या.